गाव नसलेल्या वस्तीची कादंबरी : 'बनगरवाडी'च्या रचनेविषयी एक विचार

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) ह्या कादंबरीविषयी मराठीत जे बोलले व लिहिले जाते त्यात दोन विधाने पुन्हा पुन्हा आढळतात. ती प्रादेशिक कादंबरी असून माणदेशाचे निसर्गदर्शन आणि तेथील बोली हे तिचे खरे बळ होय, हे एक. तिला सलग असे कथानक नाही, ती व्यक्तिचित्रांची आणि प्रसंगांची माळ आहे, 'माणदेशी माणसं' (१९४९) लिहिणाऱ्या लेखकाची मूळची प्रकृती येथेही सुटलेली नाही, हे दुसरे. पहिले विधान गौरवाचे आणि दुसरे बहुधा तक्रारीचे असते. कित्येकदा एकच वाचक दोन्ही विधाने एका दमात करतो. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गृहीत आहे. बनगरवाडी हे एक खेडेगाव आहे, आणि 'बनगरवाडी' ही त्या खेडेगावाची कादंबरी आहे, असे ते गृहीत होय. ते तपासून पाहिले तर गौरव आणि तक्रार ह्या दोहोंचे स्वरूप बदलते. बनगरवाडी हे गाव नव्हे; ती वाडी आहे. हा भेद केवळ घरांच्या संख्येचा नाही.

मराठी मुलुखातील 'गाव' ह्या संस्थेचे जे वर्णन त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथात केले, ते येथे उपयोगी पडते. आत्रे महसूल खात्यात वावरलेले. त्यामुळे गाव म्हणजे काय हे त्यांना दप्तराच्या आणि हक्कांच्या अंगाने ठाऊक होते. गावाला काळी असते आणि पांढरी असते, पाटील, कुळकर्णी, चौगुला असतात, बलुतेदार असतात, प्रत्येकाच्या कामाचा आणि मोबदल्याचा रिवाज ठरलेला असतो, वतन बापाकडून मुलाकडे जाते. माणूस मेला तरी त्याची जागा मरत नाही. आत्र्यांनी ह्या व्यवस्थेचे गोडवे गायिलेले नाहीत. तिच्यातील जुलूम, आळस व भ्रष्टता ह्यांवर त्यांनी पुष्कळ कोरडे ओढले आहेत. पण ती व्यवस्था आहे, ती कागदावर आहे, आणि म्हणून तिचा इतिहास लिहिता येतो, ह्याविषयी त्यांना शंका नाही.

वाडीचे तसे नाही. जुन्या कागदांत मूळ गावामागे 'मौजे' किंवा 'कसबे' असे लागते. त्याला जोडलेली वस्ती 'मजरे' म्हणून येते, आणि कित्येक वस्त्या तर तेवढ्याही मानाने येत नाहीत. पाण्याच्या, चराऊ रानाच्या किंवा लांब पडलेल्या शेतांच्या सोयीने चार घरे जाऊन राहतात. त्यांची पंधरा होतात, तीस होतात. त्यांच्या आडनावावरून किंवा जवळच्या ओढ्यावरून वस्तीला नाव पडते. लोकांच्या तोंडी ते नाव पक्के असते, पण जमिनीचा उतारा निघतो तो मूळ गावाच्या नावाने. जनगणना महसुली गावनिहाय होते. म्हणजे वाडीची माणसे मोजली जातात, पण वाडी मोजली जात नाही. स्वातंत्र्योत्तर काळात १९५८ चा ग्रामपंचायतींचा कायदा आला, १९६६ ची जमीन महसूल संहिता आली, वाडीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मिळण्याची वाट खुली झाली आणि पुष्कळ वाड्यांनी तो मिळविलाही. तरीही अनेक वाड्या गट-ग्रामपंचायतीच्या नावात एका जोडरेषेपुरत्या उरल्या आहेत. अशा वस्तीचा स्थानिक इतिहास लिहावयास बसणाऱ्या अभ्यासकाला पहिली अडचण येते ती हीच, की तिच्यापुरते वेगळे दप्तर नाही.

माडगूळकरांनी नेमकी अशी वस्ती निवडली. एखादा नाणावलेला कसबा किंवा यात्रेचे गाव त्यांना दूर नव्हते. माणदेशात आटपाडी होते, सिद्धनाथाचे खरसुंडी होते, आणि १९२७ साली ज्या माडगुळे गावी ते जन्मले ते स्वतः पाटील-कुळकर्ण्यांचे रीतसर गाव होते. पण कादंबरीसाठी त्यांनी धनगरांची तीसेक घरांची वाडी घेतली. ह्या निवडीचे परिणाम तिच्या अंगोपांगांत दिसतात.

मराठीतील इतर ग्रामीण कादंबऱ्यांशी तुलना केली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) मध्ये खोत आहे. बापूचा सारा झगडा ज्या सत्तेशी आहे ती सत्ता गावात आधीच उभी आहे. नायकाला उभे राहावयाला तिच्यामुळेच पाठभिंत मिळते. शंकर पाटलांच्या 'टारफुला' (१९६४) चा तर प्राणच पाटीलकी हा आहे. पाटील जातो, खुर्ची रिकामी होते, आणि त्या रिकाम्या खुर्चीभोवती गाव फिरू लागते. दोन्ही ठिकाणी कथानक घट्ट विणले गेले आहे, कारण विणावयाला ताणा तयार होता. उलट बनगरवाडीत जो कारभारी आहे तो पाटील नव्हे. त्याच्या शब्दाला मान आहे, पोरे शाळेत येऊ लागतात ती त्याच्या शब्दामुळे. पण त्या मानाला वतनाचा आधार नाही. वय, अनुभव, आणि लोक ऐकतात ही वस्तुस्थिती, एवढेच त्याचे भांडवल. म्हणून कारभारी जेव्हा मरतो तेव्हा 'आता त्याच्या जागी कोण?' हा प्रश्न 'टारफुला'तल्याप्रमाणे कादंबरीचा कणा होत नाही. जागाच नव्हती, होता तो माणूस. तो गेल्यावर वाडीला जे पोरकेपण येते ते सत्तेच्या पोकळीतून नव्हे, तर घरातील म्हातारे माणूस गेल्यावर घराला येते तशा जातीचे आहे.

आता 'कथानक नाही' ह्या तक्रारीकडे पाहता येईल. संघर्षातून चढत जाणारे कथानक ज्या गोष्टींवर उभे राहते, म्हणजे हक्क, वारसा, जागा, दोन तट, त्यांतली एकही गोष्ट वाडीत पुरेशी घट्ट नाही. दादू बालट्यासारखा विरोधक येथे आहे, परंतु त्याच्या विरोधाला धरून राहील असे काही त्याच्या हाती नाही. त्याचे बळ जिभेपुरते. तो कुजबूज करू शकतो, मन कलुषित करू शकतो. पण गावगाड्यात पाटील ज्या रीतीने माणसाला पेचात धरू शकतो तसे त्याला करता येत नाही. प्रसंग येतात, माणसांना हलवितात आणि विरतात. ही रचनेची ढिलाई नव्हे. जिथे माणसामाणसांतील व्यवहार कागदाने बांधलेले नाहीत तिथे घटना ह्याच रीतीने घडतात आणि मिटतात. लेखकाने ह्या वस्तीवर कसलेले कथानक लादले असते तर ती गाव झाली असती.

कादंबरीतील अंजीच्या चोळीचा प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरांकडून चोळी शिवून आणविते. त्यावरून संशयाचे जाळे विणले जाते आणि कारभारी व मास्तर ह्यांच्यात अढी पडते. सामान्यतः हा प्रसंग तरुण मास्तरांच्या मनातील एका हळुवार, अर्धस्फुट भावनेचा म्हणून वाचला जातो, आणि तसा तो आहेही. परंतु तो घडतो का? वाडीत शिंपी नाही म्हणून. शिंपी बारा बलुत्यांत मोडो वा न मोडो, बऱ्यापैकी गावात तो असतो. मुलगी आईबरोबर त्याच्या ओट्याशी जाते आणि कोणाचे लक्षही जात नाही. वाडीत मात्र शिवण, साखर, टपाल, सरकारी हुकूम हे सारे बाहेरून येते, आणि बाहेर जाणेयेणे ज्याच्या नोकरीचाच भाग आहे असा माणूस म्हणजे मास्तर. जी निरोपानिरोपी गावात दहा माणसांत वाटली गेली असती ती येथे एका परक्या तरुणावर येऊन पडते, आणि त्याच्या प्रत्येक उपकाराला संशयाची बाजू चिकटते. माडगूळकरांनी हे कारण कोठेही समजावून सांगितलेले नाही. ते प्रसंगात मुरलेले आहे. बलुत्यांचा अभाव हा विषय समाजशास्त्राच्या प्रबंधात एक परिच्छेद होऊन बसला असता. येथे त्याची एक चोळी झाली आहे.

रामोशाची गोष्टही अशीच. गावगाड्यात रामोशी हा जागल्या असतो, चोरीचा तपास लावण्याची जबाबदारी त्याच्यावर असते, आणि त्याबद्दल त्याला काही हक्क असतात. बनगरवाडीतील आनंदा रामोशी हलक्यासलक्या चोऱ्यांवर जगतो. तो कोणाचा राखणदार नाही आणि कोणाला नकोसाही नाही. गावात ज्याला जात-धंद्याने एक खाचा मिळाला असता तो येथे मोकळा वावरतो. मुसलमान असलेल्या आयबूचेही तेच. ह्या मोकळेपणाने मराठी वाचकाला नेहमीच मोह पाडला आहे. गावकुसाच्या आत-बाहेर अशी रेघ येथे नाही, कारण गावकूसच नाही. परंतु ह्यावरून वाडी हा एक निरागस, समतेचा लहानसा स्वर्ग होता असे जे म्हटले जाते त्याला कादंबरीच उत्तर देते.

ते उत्तर म्हणजे शेकू. शेकूला बैलाच्या जोडीला दुसरा बैल नाही. त्याची बायको जुवाखाली मान देते. 'बनगरवाडी' वाचलेला कोणीही हे चित्र विसरत नाही. त्याच्या कारुण्याविषयी पुष्कळ म्हटले गेले आहे. पण ते जेथे घडते त्या वस्तीविषयी ते काय सांगते, इकडे मात्र लक्ष गेलेले नाही. कुणबाऊ गावांत सावड आहे, इर्जिक आहे. एकाचा बैल दुसऱ्याच्या बैलाशी जोडून दोघांची शेते नांगरण्याची रीत आहे. ती रीत दयेवर चालत नाही, देण्याघेण्यावर चालते. ज्याच्याजवळ एक बैल आहे त्याला तिच्यात जागा असते. मेंढरांवर जगणाऱ्या आणि शेती जेमतेम करणाऱ्या वस्तीत ही देवघेव तितकी भक्कम असण्याचे कारण नाही. म्हणजे जी वाडी पुढे एकमुखाने तालमीच्या भिंती उभारते, तीच वाडी एका बाईच्या मानेवरचे जू उतरवू शकत नाही. वाडी एक होते ती उत्साहाने. रोजच्या अडचणीला लागणारी बांधील एकी तिच्याजवळ नाही. लेखकाने हे दोन प्रसंग एकमेकांच्या शेजारी ठेवून आपले मत सांगितलेले नाही. तसे केले असते तर कादंबरी वक्तव्याकडे झुकली असती. पण वाचकाने ते एकमेकांशेजारी ठेवून पाहावयास हवेत.

तालीम हा वाडीच्या आयुष्यातील सर्वांत मोठा सार्वजनिक उद्योग. कल्पना मास्तरांची, श्रम वाडीचे, आणि उद्घाटनाला प्रत्यक्ष राजा. ह्या भागातील आनंद, धांदल आणि अभिमान माडगूळकरांनी फार सुंदर रंगविला आहे. परंतु तालीमच का, हा प्रश्न विचारला पाहिजे. दिवसभर मेंढरांमागे मैलोगणती चालणाऱ्या माणसांना व्यायामाची उणीव होती, असे कोणी म्हणणार नाही. जेथे दोन पावसाळे चुकले की वस्ती उठते, तेथे पहिले सामुदायिक काम पाण्याचे असावयाचे. ते पाण्याचे नव्हे, तालमीचे झाले.

ह्याचे स्पष्टीकरण औंध संस्थानाच्या इतिहासात आहे. संस्थान लहान, सुमारे ५०० चौरस मैलांचे, आणि तेही औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ अशा तुटक तुकड्यांत विखुरलेले. अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे व्यासंगी, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे निस्सीम प्रचारक. १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन व आप्पासाहेब पंत ह्यांच्या परिश्रमाने त्यांनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली. तिचा पाया ग्रामपंचायती हा होता. हिंदी संस्थानांच्या इतिहासात हा प्रयोग अपूर्व ठरला. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि कादंबरी लिहिली गेली तोवर तो प्रयोग आठवणीत जमा झाला होता. कादंबरीतील राजाच्या पाठीशी ह्या राजाची सावली आहे. तेव्हा तालीम ही वाडीची गरज नव्हती. ती त्या काळच्या संस्थानी वातावरणात प्रतिष्ठा पावलेली गोष्ट होती. ज्या वस्तीला राजाने कधी पाहिले नव्हते तिला राजासमोर उभे राहावयाचे होते, आणि राजाला कळेल अशा भाषेत बोलावयाचे होते. वाडीने ती भाषा मास्तरांकडून उसनी घेतली. ह्या अर्थाने तालीम म्हणजे व्यायामशाळा कमी आणि अर्ज अधिक. आपण आहोत, आपली नोंद व्हावी, असा तो दगडामातीचा अर्ज आहे.

ह्याच आटपाडीच्या मुलुखात, ह्याच सुमारास, ह्याच राजाच्या आश्रयाने स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत उभी राहिली. बंदिवानांना कुंपणावाचून ठेवून शेती करू देणारी ती वसाहत १९३९ सालची. माडगूळकरांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर ह्यांनी पटकथा लिहिलेल्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ह्या चित्रपटाची प्रेरणा तीच. दोन्ही वस्त्यांना तट नाही. पण स्वतंत्रपूर कागदातून जन्मली, आणि कागदामुळे टिकली. बनगरवाडीसारख्या वस्त्यांमागे कागद नव्हता. एकाच संस्थानातून दोन भावांच्या हातून महाराष्ट्राला ही दोन निराळी चित्रे मिळाली, ही गोष्ट अजून कोणीतरी सविस्तर लिहावयास पाहिजे.

मास्तर हा कादंबरीचा निवेदक. तो नुसता शिकवीत नाही. पत्रे वाचतो, लिहितो, तंट्यात बोलतो, सल्ला देतो. गावात ही कामे कुळकर्णी, भटजी, वाणी, सावकार ह्यांत विभागलेली असतात, आणि त्या प्रत्येकाचा त्यात काही स्वार्थ असतो. वाडीत ती सारी एका वीसेक वर्षांच्या, अनुभवशून्य आणि बऱ्याच अंशी निःस्वार्थी पोराकडे येतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर मास्तर हेच वाडीचे पहिले दप्तर होय. त्याच्या येण्यापूर्वीची वाडी कादंबरीत जवळजवळ नाही. ती कधी वसली, कोणी वसविली, पहिले घर कोणाचे, ह्याची तिथीवार हकीकत लेखक देत नाही, आणि न देण्यात त्याचा प्रामाणिकपणा आहे. दप्तर उघडले त्या दिवसापासून नोंदी सुरू होतात.

येथे पदव्युत्तर अभ्यासकांसमोरचा एक व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतो. अलीकडे ग्रामीण जीवनाच्या अभ्यासासाठी कादंबऱ्यांचा आधार घेण्याची प्रथा वाढली आहे. 'बनगरवाडी'तून चालीरीती, अन्न, पोशाख, म्हणी ह्यांच्या याद्या काढल्या जातात आणि 'धनगर समाजाचे जीवन' अशा मथळ्याखाली मांडल्या जातात. हा आधार कितपत भरवशाचा? ज्या गोष्टी मास्तरांच्या डोळ्यांपुढे, शाळेच्या आसपास, दिवसाउजेडी घडतात त्यांविषयी तो उत्तम साक्षीदार आहे. माळरानाचा रंग, मेंढरांची धूळ, म्हाताऱ्यांच्या बोलण्याची ढब ह्यांत त्याची नजर क्वचितच चुकते. परंतु घराच्या आतले त्याला दिसत नाही. अंजी, शेकूची बायको ह्या स्त्रिया त्याच्या वाटेवर येतात तेवढ्याच वेळ कादंबरीत असतात. जू मानेवर घेणाऱ्या बाईचे मन आपल्याला कळत नाही, तिची पाठ दिसते. धनगरांचा देवधर्म, बिरोबाच्या ओव्या, रात्र रात्र चालणारे गाणे ह्यांनाही कादंबरीत त्यांच्या मानाने जागा थोडी आहे. गुंथर सोन्थायमर ह्या जर्मन पंडिताने पुढे दख्खनच्या धनगरांच्या ओव्या आणि दैवते ह्यांवर १९७६ साली जो ग्रंथ सिद्ध केला, तो वाचल्यावर ध्यानात येते की ज्या समाजाला लिखित दप्तर नव्हते त्याच्यापाशी दुसऱ्या प्रकारचे दप्तर होते. ते गायिले जाई. कोणते घराणे कोठून आले, कोणत्या रानात कोणता देव भेटला, वस्ती का हलली, हे त्यात होते. मास्तरांना ते दप्तर उघडता आले नाही. त्यांना अक्षराचेच दप्तर ठाऊक. ही कादंबरीची मर्यादा आहे, पण ती निवेदकाच्या स्वभावातून आलेली मर्यादा असल्यामुळे कलेचा दोष ठरत नाही. तिचा स्रोत म्हणून उपयोग करणाऱ्याने मात्र ती विसरली तर तो दोष अभ्यासकाचा.

ह्याच मर्यादेच्या उजेडात कादंबरीचा शेवट पुन्हा वाचला पाहिजे. पाऊस पाठ फिरवितो, चारा संपतो, मेंढरे मरू लागतात, घरामागून घर बंद होते. माणसे जगावयास बाहेर पडतात. शाळेला पोरे उरत नाहीत आणि मास्तरांनाही जावे लागते. मराठी कादंबरीत ओसाड होत जाणाऱ्या वस्तीचे इतके संयत आणि इतके दाहक चित्र दुसरे नाही. भावनेचा एक शब्द जास्त नाही. दुष्काळाच्या कारणांचा मात्र येथे विचार नाही. तगाई, दुष्काळी कामे, संस्थानाचे धोरण हे सारे चौकटीबाहेर राहते आणि दुष्काळ निसर्गाच्या लहरीसारखा येतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माणदेशात अवर्षण हा अपवाद नसून क्रम आहे, आणि राज्यकर्त्यांना तो ठाऊक होता. एवढे न्यून मान्य करावयास हवे.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वाडी उठली म्हणजे वाडी संपली, असे वाचकाला वाटते. कारण मास्तरांना तसे वाटते. मास्तर हा स्थिर समाजाचा माणूस. त्याच्या लेखी घराला कुलूप ही शेवटची गोष्ट आहे. धनगरांच्या लेखी ती तशी असतेच असे नाही. पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन बाहेर पडणे, महिनोगणती परमुलखात फिरणे, कुणब्यांच्या शेतात खतासाठी मेंढरे बसविणे आणि त्याबद्दल धान्य घेणे, पावसाच्या तोंडाला परतणे, हा त्यांच्या आयुष्याचा जुना क्रम होय. अशा फिरत्या तांड्याला धनगर 'वाडा' म्हणतात. वाडी आणि वाडा ही त्यांच्या आयुष्याची दोन रूपे आहेत. एक बसलेले, दुसरे चालते. गाव उठले म्हणजे काळी, पांढरी, वतने, देवळे ह्या सर्वांचा विध्वंस होतो. म्हणून 'गाव ओस पडले' ह्या शब्दांत मराठी माणसाला सर्वनाशाची चाहूल लागते. वाडी उठते तेव्हा ती वाड्यात रूपांतर पावते. कादंबरीतील निर्गमन नेहमीच्या फिरतीसारखे नाही, हे खरे. त्यात मरण आहे, हताशपणा आहे, मेंढरेच उरली नाहीत तर फिरावयाचे कशासाठी हा प्रश्न आहे. तरीही जी माणसे निघून जातात त्यांना जाणे ठाऊक आहे. ज्याला ते ठाऊक नाही तो एकच माणूस तेथे आहे, आणि कथा तोच सांगतो आहे.

पुढच्या मराठी साहित्यात आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) मधील नारबाची तुटलेली स्थिती हिच्याशी ताडून पाहता येईल. नारबा तर वाडीतही नाही, मळ्यावर एकटा आहे. त्याचे गोत म्हणजे जनावरे. तेथे ट्रॅक्टर येतो आणि ते गोत विस्कटते. तेथील निवेदन नारबाच्याच बोलीत, त्याच्याच अंतरंगातून येते. म्हणून त्या शेवटाविषयी असा संशय घेता येत नाही. 'बनगरवाडी'त बोली संवादांत आहे आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे. ह्या दोन भाषांमधले अंतर म्हणजेच वाडी आणि मास्तर ह्यांमधले अंतर.

राम देशमुखांनी १९५८ साली कादंबरीचे इंग्रजी भाषांतर केले, त्याला 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' असे नाव दिले. तट नसलेले गाव, असा त्याचा अर्थ. नाव आकर्षक आहे आणि त्यात एक मर्म नेमके सापडले आहे. पण 'व्हिलेज' ह्या शब्दाने वाडीचे गाव झाले ते झालेच. ज्या वस्तीला तट असण्याचा प्रश्नच कधी उद्भवला नाही तिच्याविषयी तट नव्हता असे म्हणणे म्हणजे तिच्याकडे गावाच्या बाजूने पाहणे होय. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या चित्रपटाने मूळचे नाव ठेवले, हे बरे झाले. मराठी नावात काहीच सांगितलेले नाही: बनगरांची वाडी, एवढेच. एका आडनावाची माणसे एका जागी राहिली, म्हणून जागेला नाव पडले. ती उठली तर नावाला धरून ठेवणारे दुसरे काही नाही. पुढल्या पावसाळ्यात माळावर पाणी पडले की नाही, आणि कोणाचे दार पुन्हा उघडले, हे कादंबरीत नाही. मास्तर तोवर तेथून गेलेला असतो.